फडणीसांची सोळा पानं

पोस्टात नोकरी होती असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास आपलं हरवलेलं पत्र काढतो. कुणाचं इंटरव्ह्यूचं बोलावणं तारीख उलटल्यावर आलेलं असतं, कुणाची राखी पोचलेलीच नसते, आणि या सगळ्याचा जाब मी द्यायचा असतो, तोही लग्नाच्या पंगतीत, ताटात गरम जिलबी पडलेली असताना. म्हणून आता मी आधीच सांगून टाकते की बाबांनो, पत्रं पोचवायचं काम माझ्याकडे कधीच नव्हतं. मी तिकिटं विकायची. आणि तीही अशा लोकांना, ज्यांना ती पाकिटाला चिकटवायची नसायची.

उज्जैनच्या मोठ्या पोस्टात कोपऱ्यातली एक खिडकी माझी होती. वर पाटी 'फिलाटेली'. येणारे निम्मे लोक ती वाचून बुचकळ्यात पडायचे. "मैडम, यहाँ क्या मिलता है?" मी म्हणायची, "टिकट." "टिकट तो उधर भी मिलता है." "उधर लगाने का मिलता है, इधर रखने का." यावर माणूस एकदा माझ्याकडे आणि एकदा पाटीकडे बघून मुकाट्याने रजिस्ट्रीच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. शेजारच्या बचत खात्याच्या खिडकीवर तिवारीजी बसायचे, ते माझ्या काउंटरला 'शृंगार विभाग' म्हणायचे. म्हणेनात का. त्यांच्या खिडकीशी माणसं भांडायला यायची, माझ्या खिडकीशी खूश होऊन जायची. हा फरक मी त्यांना वेळोवेळी ऐकवलेला आहे.

मी सांगतेय ती नव्वदीनंतरची वर्षं. टावर चौकात एसटीडीचे बूथ ओळीने उघडले होते. कुरियरवाले मोटारसायकलवरून फिरायला लागले होते. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या दिसू लागल्या होत्या, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आता पोस्टाचं काही खरं नाही. आमच्यातलेच लोक चहाच्या वेळी सुतकी चेहरे करून बसायचे. मला मात्र कधी भीती वाटली नाही. कारण माझी गिऱ्हाइकं वाढत होती. एखादी गोष्ट रोजच्या वापरातून जायला लागली की माणसं ती जपून ठेवायला लागतात, हे मी त्या खिडकीतून रोज बघत होते.

आता हा धंदा थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. तिकीट दोन प्रकारचं. एक कोरं, म्हणजे मागचा डिंक शाबूत, कुणी हात न लावलेलं. दुसरं वापरलेलं, म्हणजे पाकिटावर बसून, ठप्पा खाऊन, प्रवास करून आलेलं. कोऱ्या तिकिटाला बोट लावायचं नाही, बोटाला घाम असतो. त्याला चपट्या टोकाचा चिमटा लागतो. वापरलेल्या तिकिटात जीव असतो तो ठप्प्यात. ठप्पा म्हणजे पोस्टाचा गोल शिक्का, गावाचं नाव आणि तारीख असलेला. तो जर नीट उमटला असेल तर तिकीट बोलतं, की मी अमुक गावाहून अमुक दिवशी निघालो. आणि शाईचा नुसता काळा डाग पडला असेल तर ते तिकीट मुकं झालं. नवीन माणसं आणखी एक चूक करतात. जुनं पाकीट किंवा कार्ड मिळालं की त्यावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवतात. अरे, पाकीट अख्खं ठेवा. तिकीट, ठप्पा, पत्ता, सगळं एकत्र असतं तेव्हाच ते पुरावा असतं.

आमच्याकडे ठप्पे मारायला रामेश्वर होता. त्याचा हात असा, की ठप्पा तिकिटावर, पाकिटावर आणि आतल्या पत्रावरही उमटायचा. संग्रह करणाऱ्यांची पाकिटं मी त्याच्या हाती कधी दिली नाहीत. ती मी स्वतः करायची. पॅडवर शाई कमी घ्यायची, आधी एक ठप्पा रद्दी कागदावर मारून बघायचा, मग तिकिटाच्या कोपऱ्यावर, मनगट सैल ठेवून, टेकवायचा आणि लगेच उचलायचा. दिसायला काहीच नाही. पण इंदूरची माणसं बसने येऊन माझ्या हातचा ठप्पा घेऊन जायची. ही फुशारकी नाही, इंदूरच्या माणसाला कशासाठीही उज्जैनला आणून दाखवा, मग बोला.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एक ज्योतिषीबुवा होते, ते नवीन तिकीट निघालं की पहिल्या दिवसाच्या पाकिटावर ठप्पा घ्यायला पंचांग घेऊन यायचे. राहुकाळात ठप्पा मारू द्यायचे नाहीत. खिडकीशी उभे, डोळे घड्याळावर, आणि मी हातात ठप्पा धरून. मागच्या रांगेतला माणूस विचारायचा, "क्या हुआ, मशीन खराब है क्या?" मी म्हणायची, "नहीं, मुहूर्त निकला नहीं है." उज्जैनमध्ये एवढं सांगितलं की पुरतं. कुणी पुढे काही विचारत नाही.

फ्रीगंजातले एक कापडाचे व्यापारी होते. शेअरबाजार चढत होता तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं की तिकिटं घेऊन ठेवा, सोन्यासारखी वाढतात. ते आले आणि अख्खे ताव मागू लागले. "मैडम, कितने साल में डबल होगा?" मी म्हटलं, "सेठजी, ये दुगना नहीं होता, पुराना होता है." त्यांनी ऐकलं नाही. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका आल्या. एकेका पाकिटावर पाचसहा सुंदर तिकिटं ओळीने लावलेली होती, मोर, नर्तकी, किल्ले. असं देखणं टपाल आमच्या पोस्टातून पुन्हा गेलं नाही.

आणि एक रामघाटावरचे पंडे. त्यांचे यजमान जगभर, मॉरिशसपासून नैरोबीपर्यंत. त्यांच्याकडे श्राद्धाच्या तिथी विचारणारी पत्रं यायची. मी त्यांना म्हटलं, महाराज, पाकिटं फेकू नका, आमच्या संग्रहवाल्यांना द्या. महिन्याभराने त्यांनी डबाभर तिकिटं आणून दिली. उघडून बघते तर प्रत्येक तिकिटाच्या कडेचे दात कात्रीने सफाचट कापलेले. दात गेले की तिकीट बाद. मी विचारलं, "महाराज, ये क्या किया?" ते कौतुकाने म्हणाले, "किनारे कटे-फटे थे, साफ कर दिए." त्यांनी एकेक तिकीट हातात घेऊन, मन लावून कापलं होतं. मी डबा ठेवून घेतला आणि त्यांना चहा पाजला.

हे झालं किरकोळ. ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

गजानन फडणीस सिंचाई विभागात हेडक्लार्क होते. कधीकाळी त्यांचे पूर्वज संस्थानच्या दप्तरात लेखणी घासायला आले, आणि पुढे राज्य गेलं तरी लेखणी काही घरातून गेली नाही. अक्षर असं सुरेख की वरचे साहेब लग्नपत्रिकेचे पत्तेसुद्धा त्यांच्याकडून घालून घ्यायचे. मधल्या सुट्टीत सायकल मारत माझ्या खिडकीशी यायचे. विकत फारसं घ्यायचे नाहीत, कारण त्यांचा विषय नवीन तिकिटांचा नव्हताच. त्यांचा विषय उज्जैन.

संस्थान होतं तेव्हा उज्जैन ग्वालियरच्या राज्यात. तिकिटं इंग्रजांचीच, फक्त त्यांवर काळ्या शाईत 'ग्वालियर' छापून घेतलेलं. म्हणजे चेहरा लंडनच्या राजाचा, नाव ग्वालियरचं, आणि ठप्पा आमच्या गावचा. अशी उज्जैनहून निघालेली कार्डं आणि पाकिटं फडणीस गोळा करत होते. दौलतगंजातल्या रद्दीवाल्यांकडे बसून बसून त्यांच्या पँटी मागून झिजल्या होत्या. आणि सगळ्यात मोठं घबाड मिळालं ते पटनी बाजारातल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याकडे. एक पोस्टकार्ड, मजकूर साधा, दोन बाटल्या केवड्याच्या पाठवा म्हणून. पण तिकीट टवटवीत आणि उज्जैनचा ठप्पा असा गोल, अक्षरन् अक्षर वाचता येणारा, की मी तो बघितला त्या दिवशी माझ्या ठप्प्यांची मला लाजच वाटली.

फडणीसांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनात आपलं उज्जैन एकदा लागावं. बस. बढती हवी, बंगला हवा, असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. दिल्ली मात्र दर आठवड्याला ऐकली.

आता त्यांच्या घरचं. कुमुदवहिनी घरी शिवणाचे क्लास घ्यायच्या. अर्ध्या फ्रीगंजातल्या मुलींना ब्लाउजची बाही बसवायला त्यांनीच शिकवली. बाई कामसू, शिस्तीची, तोंडाने सडेतोड. मला त्या फार आवडायच्या. आरडीचे पैसे भरायला यायच्या तेव्हा माझ्याशी उभ्याउभ्या भांडून जायच्या. "लेलेबाई, तुमच्या खिडकीपायी माझ्या घरात कपाट पुरत नाहीये. लोक रद्दी विकतात, आमच्याकडे विकत घेऊन राहिले आहेत."

फडणीस हसायचे. पण एक गोष्ट त्यांना लागायची, आणि ती ते हसत हसतच सांगायचे. दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रांची, हत्यारांची, पुस्तकांची पूजा असते. ज्यावर आपलं पोट चालतं, जी आपली विद्या, ती त्या दिवशी पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. वहिनी पाट मांडायच्या तेव्हा त्यावर शिलाई मशीनचं डोकं असायचं, कात्र्या, मुलाची इंजिनिअरिंगची पुस्तकं, फडणीसांचं ऑफिसचं पेन, झालंच तर विळी. "आमच्या घरात किसणीचीसुद्धा पूजा होते, लेलेबाई," ते म्हणायचे, "माझ्या अल्बमची नाही झाली." त्यांनी मांड म्हणून सांगितलं नाही, वहिनींना कधी वाटलं नाही. अशी लग्नाची तीसेक वर्षं गेली.

मग माझ्या डोक्यात आलं की उज्जैनला तिकिटांचं प्रदर्शन भरवायचं. वरच्यांच्या मागे लागून लागून मी मंजुरी काढली. तिवारीजी म्हणाले, "कौन आएगा?" मी म्हटलं, "आप तो आएंगे, चाय मुफ्त है." फ्रीगंजात एक हॉल मिळाला. भोपाळहून एक परीक्षक यायचे ठरले, आणि सगळ्यात मोठं म्हणजे जो संग्रह पहिला येईल तो थेट दिल्लीला जाणार होता. मी ही बातमी फडणीसांना सांगितली तेव्हा ते खिडकीचा गज धरून नुसते उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

प्रदर्शनात काचेची एक चौकट मिळते, तिच्यात सोळा पानं बसतात. जाड पांढरा कागद, त्यावर पारदर्शक कोपऱ्यांत कार्ड बसवायचं आणि खाली माहिती लिहायची. ही माहिती लिहिण्याची पण एक पद्धत आहे. कार्डावर जी जी खूण असेल तिचं वर्णन करायचं. शाई कुठली, खूण कशाने उमटवली, गाव कुठलं, दिवस कुठला. आणि डाग असेल, दुरुस्ती असेल तर लपवायची नाही. लपवलं आणि पकडलं गेलं तर माणूसच बाद. फडणीसांनी तीन महिने लावून सोळा पानं केली. ते केवड्याचं कार्ड सगळ्यात वरच्या पानावर. मी ती पानं बघितली आणि त्यांना सांगितलं, बांधा सामान, दिल्ली पक्की.

प्रदर्शन दसऱ्यानंतरच्या आठवड्यात होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडलं आणि फडणीस दारातच उभे. काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. मी त्यांना आत घेतलं, माझ्या टेबलाशी बसवलं. त्यांनी पंचा सोडला.

वरच्या पानावर हळद सांडली होती. फुलाने पाणी शिंपडलेलं, त्याच्याबरोबर ती पिवळी ओघळून खाली गेली होती. आणि कार्डावर, बरोबर तिकिटाच्या खालच्या कडेशी, अर्धं तिकिटावर आणि अर्धं कार्डावर, ओल्या कुंकवाचं बोट. अनामिकेचं. इतकं नीट टेकवलेलं की बोटावरच्या रेषा दिसत होत्या. खालच्या दोन पानांनाही थोडी हळद पोचली होती.

त्यांनीच सांगितलं. सकाळी ते ऑफिसच्या जीपच्या पूजेला गेले होते. परत आले तर पाटावर मशीन, कात्र्या, पुस्तकं, आणि मधोमध त्यांची सोळा पानं. वहिनींनी ती प्लास्टिकच्या पाकिटांतून बाहेर काढली होती, कारण प्लास्टिकची काय पूजा करायची. चिमट्यालासुद्धा फूल वाहिलं होतं. तीन महिने नवऱ्याला पाठीला बाक काढून बसलेला बघत होत्या, रोज रात्री चहा करून देत होत्या, आणि मनात कधी काय बदललं ते त्यांचं त्यांना ठाऊक. फडणीस दारात चपला काढत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "यंदा तुमची विद्या पण मांडली."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"छान केलंस म्हटलं."

"आणि हे?"

"हे तिला नाही माहीत."

मला राग आला. कुणाचा ते सांगता यायचं नाही, पण आला. मी म्हटलं, "अहो, सांगून टाका ना. वहिनी काही लहान नाहीत. समजतील त्या."

"समजेल हो," फडणीस म्हणाले. "पण मग पुढच्या दसऱ्याला मांडेल का?"

पण दिल्ली अशी सोडून द्यायला मी तयार नव्हते. हळद उन्हात उडते हे आपल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. साडीवर पडली की आपण ती उन्हात वाळत टाकतो. मी म्हटलं, आधी दुसऱ्यावर करून बघू. त्यांच्याकडे तशीच काही साधी, एकाहून जास्त असलेली जुनी तिकिटं होती. त्यातल्या एकावर मी हळद-कुंकवाचं बोट टेकवलं आणि माझ्या मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर काचेखाली ठेवलं. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे काय असतं ते उज्जैनच्या माणसाला सांगायला नको. फडणीस मधल्या सुट्टीत येऊन तापातल्या पोराकडे बघावं तसे त्या तिकिटाकडे बघून जायचे. हळद उडाली. कुंकू लालाचं तपकिरी झालं, पण गेलं नाही. आणि राजाचा चेहरा पार फिकट पडला. तिकिटाचा रंगही उन्हाने ओढून घेतला होता.

मी दुसरा उपाय काढला. ते पान काढा, दुसरं कार्ड लावा. पहिला नंबर तरीही यायचा संभव होता. फडणीसांनी नाही म्हणून मान हलवली. वहिनी प्रदर्शन बघायला येणार होत्या. जन्मात पहिल्यांदा. त्यांनी मुलींना क्लासची सुट्टीसुद्धा सांगून ठेवली होती. आल्या की त्या पूजा केलेलं पान शोधणार, आणि नाही दिसलं की विचारणार.

"म्हणजे तुम्ही हे असंच लावणार?"

"असंच नाही. नियमाने लावणार. माहिती लिहून."

त्यांनी माझं पेन मागितलं नाही, स्वतःचंच काढलं. केवड्याच्या कार्डाखाली उज्जैनच्या ठप्प्याचं वर्णन आधीच होतं, काळी शाई, गोल शिक्का, गाव, दिवस. त्याच्याखाली त्याच सुरेख अक्षरात त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: 'लाल और पीला चिह्न, अनामिका से, उज्जैन, विजयादशमी.' मी ती वाचली आणि उठून पाणी प्यायला गेले. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

प्रदर्शनाला गर्दी झाली. तिवारीजी चहा पिऊन गेले आणि बायकोला घेऊन परत आले, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ज्योतिषीबुवा आले. सेठजी आले आणि प्रत्येक चौकटीसमोर उभे राहून कितीला जाईल ते विचारत होते. भोपाळचे परीक्षक कोरडे पण सरळ माणूस, भिंग डोळ्याला लावूनच फिरत होते. फडणीसांच्या चौकटीशी ते खूप वेळ थांबले. पहिल्या पानावरची ओळ दोनदा वाचली.

"फडणीसजी, ये पन्ना हटा देते."

"हटा नहीं सकता था, साहब."

"सामग्री ऐसी मैंने नहीं देखी. लेकिन कंडीशन के नंबर मुझे काटने पड़ेंगे."

"काटिए साहब. नियम है."

त्यांनी काटले. दिल्लीला गेले रतलामचे एक मास्तर, पक्ष्यांची तिकिटं घेऊन. चांगला संग्रह होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण माझं मन आजही सांगतं की त्या वर्षी दिल्लीने उज्जैन बघायला हवं होतं. फडणीसांनी मास्तरांशी हात मिळवला आणि परत येऊन आपल्या चौकटीशेजारी उभे राहिले.

संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर वहिनी आल्या. जरीकाठाची हिरवी साडी नेसून, एकट्याच. त्या दारातून आत येत होत्या तेव्हा परीक्षक हातात चहाचा कप घेऊन त्याच चौकटीपुढे दोघातिघांना समजावून सांगत होते. मी मध्ये जाऊन बोलणं तोडणार, तोवर त्यांचं वाक्य संपलंही. "ये देखिए. इसी कार्ड की वजह से रह गए. किसी ने हल्दी-कुमकुम लगा दिया, नहीं तो दिल्ली इन्हीं की थी."

वहिनी त्यांच्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "हमने लगाया."

परीक्षक वळले. "अच्छा, भाभीजी," एवढं म्हणून ते कप घेऊन पलीकडच्या भिंतीवरची फुलपाखरं फार बारकाईने बघायला लागले. बाकीचेही पांगले. मीही जायला हवं होतं, पण गेले नाही.

वहिनींनी पर्समधून शिवणाचा चष्मा काढला. म्हणजे बाई नुसत्या तोंड दाखवायला नव्हत्या आल्या, वाचायच्या तयारीने आल्या होत्या. त्या पुढे झुकल्या. कार्ड बघितलं. खालच्या ओळी वाचल्या, काळ्या शाईची, मग शेवटची. आपल्या उजव्या हाताच्या अनामिकेकडे त्यांची नजर गेली ते मी पाहिलं.

"खराब झालं होतं ना?" त्यांनी विचारलं. कार्डाकडेच बघत.

फडणीस म्हणाले, "हो."

"दिल्ली माझ्यामुळे गेली."

"हो."

"आणि मला म्हणालात छान केलंस."

"छानच केलं होतंस," फडणीस म्हणाले. "आजही तेच म्हणेन."

वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला. मला वाटलं आता या रडणार, नाहीतर नवऱ्यावर उखडणार, दोन्ही त्यांना सारखंच जमायचं. पण त्यांनी यातलं काही केलं नाही. फडणीसांची बाही धरून त्यांना चौकटीच्या अगदी समोर उभं केलं, आणि पहिल्या पानावर काचेपासून वीतभर लांब बोट धरून म्हणाल्या, "आता मला सांगा. हे कोण, हे कुणाला लिहिलंय, हा शिक्का कसा ओळखायचा. सगळं सांगा. आणि भरभर नको."

हॉलचा चौकीदार किल्ल्या घेऊन आला. "मैडम, बंद करना है." मी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली, त्याला घरी पाठवलं, आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. बराच वेळ झाला होता, आणि फडणीस अजून पहिल्याच पानावर होते.